गुंजीनं वारा उठवला

लांब, समुद्रापल्याड, ॲमेझॉनचं रान आहे. तिथं राहते गुंजी. हमिंगबर्ड म्हणतात तिला. अंगठ्याएवढं पाखरू! पंख हलवते घुंई घुंई, आणि हवेत एका जागी उभी राहते.

लांब पानाच्या टोकाखाली तिचं घरटं. कोळ्याच्या धाग्यानं बांधलेलं. आत दोन अंडी, वाटाण्याएवढी.

पाऊस आला धो धो. एक टपोरा थेंब पडला. टप्प! धागा तुटला. घरटं तिरकं लोंबलं. अंडी कडेला आली. आता पडतील की मग पडतील!

गुंजी निघाली, घुंई घुंई.
“कोळीणमावशी, धागा दे. घरटं सुटलं.”
“देते गं. पण ओल्या पानाला चिकटतो का कुठं? उन्हाला सांग, पान वाळव.”

घुंई घुंई.
“ऊनदादा, पान वाळव. घरटं सुटलं, पान भिजलं.”
“कसं वाळवू? ढगोबा बसलाय पुढ्यात, मांडी घालून. त्याला सांग.”

घुंई घुंई.
“ढगोबा, सरक ना. घरटं सुटलं, पान भिजलं, ऊन लपलं.”
“मला का पाय आहेत? वारा ढकलेल, तर सरकेन.”

घुंई घुंई.
“वारेमामा, ढगाला ढकल. घरटं सुटलं, पान भिजलं, ऊन लपलं, ढग बसला.”
वारा पेंगत होता. “आं? कुणी पंख हलवले तर उठेन. मोठे हां! गरुडाचे.”

घुंई घुंई.
“गरुडआजोबा, पंख हलवा. घरटं सुटलं, पान भिजलं, ऊन लपलं, ढग बसला, वारा निजला.”
“ओले पंख कसे हलवू, पोरी? आधी ऊन पडू दे.”

ऊन म्हणतं ढग. ढग म्हणतो वारा. वारा म्हणतो गरुड. गरुड म्हणतो ऊन. सगळे एकमेकांची वाट बघत बसलेत. आणि अंडी?

गुंजीचेही पंख ओलेच. तशीच ती वाऱ्याकडे परतली.
वारा हसला. “हे पंख, का पापण्या?”
“आहेत ते हेच, मामा.”

वाऱ्याच्या कानाशी ती उभी राहिली, हवेतच. घुंई घुंई. दमली. तरी घुंई घुंई घुंई.
“ए, ए, गुदगुल्या होतात!” वारा उठला. सूंऽऽ!

वारा उठला, ढग सरकला. ढग सरकला, ऊन पडलं. ऊन पडलं, पान वाळलं. पान वाळलं, मावशीनं धागा दिला. गुंजीनं चोचीनं गुंडाळला. एक वेढा. अजून एक वेढा. घरटं सरळ!

तेवढ्यात वरून गरुड ओरडला, “पोरी, वाळले गं! आता हलवू का पंख?”
“नको आजोबा, गप बसा. अंडी निजलीत.”

गुंजी अंड्यांवर बसली. पोटाखाली ऊब. तुझ्या पांघरुणात आहे ना, तश्शी.