न रिती होणारी कुपी

एका राज्यात, जिथे डोंगर बोलत नसत पण पक्षी बोलत, वज्रकेतू नावाचा राजा होता. त्या राज्याची एक रीत होती. औषध वैद्याने फक्त सांगायचे. पाजायचे ते घरातल्या माणसाने, ज्याचा जीव रोग्यावर सर्वांत जास्त त्याने. मायेच्या हाताला गुण असतो, असा तिथला पक्का समज. समजच तो, त्याला कोण विचारणार?

लढाईत राजाच्या मांडीत भाला रुतला. कण्हणे राजवाड्याबाहेर ऐकू जाई. तेव्हा कालभुज नावाचा मांत्रिक आला आणि एक कुपी ठेवून गेला. राणी कधीच वारली होती. म्हणून पाजण्याचा मान राजकन्या कनकलेखेचा. तिने एक थेंब पाजला. राजा हसला आणि झोपला. त्या हसण्यासाठी तिने काय दिले नसते!

घाव भरला. वैद्य म्हणाला, "राजकन्ये, आता पुरे." कनकलेखा म्हणाली, "वैद्यराज, सांगणे आपले, पाजणे आमचे." बिचारा मान खाली घालून गेला. थेंबाची पळी झाली, पळीचा पेला झाला. कुपी मात्र भरलेलीच. ती भरते कुठून, हे कोणी विचारले नाही. फुकटचे भरलेले भांडे कोणाला खटकते?

आधी राजाचे हात कापू लागले. नेम धरणारा हात, आता त्याला मुद्रा उमटवता येईना. मग तो माणसे विसरला. लेकीला तिच्या आईच्या नावाने हाका मारू लागला. शेवटी पोट फुगले, पाय काटक्यांसारखे झाले, डोळे हळदीसारखे पिवळे. दरबारात कनकलेखा सांगे, "महाराजांना ताप आहे." दरबारही मान डोलवी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एकदा तिने मन घट्ट करून पेला दिला नाही. राजा घामाने भिजला, भिंतीवर नसलेल्या मुंग्या झटकू लागला, दातखीळ बसली. शुद्धीवर येताच म्हणाला, "हात आखडलास? मग शत्रूत आणि तुझ्यात भेद काय?"

तिने पाजले. पाजले आणि तळ्याकाठी जाऊन रडली.

तिथे एक टिटवी होती. टिटवीची जीभ कडू, हे सर्वांना ठाऊक. ती म्हणाली, "रडून काय होणार? बापाचे जे जे गेले, ते कालभुजाच्या गुहेत तीन रांजणांत आहे. जा आणि मागून घे. उशीर आधीच झाला आहे."

कनकलेखा गेली. गुहेच्या तोंडाशी कालभुज बसला होता. ती म्हणाली, "चोरा, माझ्या तातांचे परत दे."

"मी काही चोरले नाही," तो शांतपणे म्हणाला. "कुपीतला प्रत्येक थेंब या रांजणांतून जातो आणि रांजण राजाच्या देहातून भरतात. तुझा बाप स्वतःलाच पितो आहे. रांजण हवे असतील तर तीन कामे कर."

पहिले काम: काठोकाठ भरलेली पणती घेऊन गुहा ओलांडायची, तेल सांडायचे नाही, मागे पाहायचे नाही. ती निघाली आणि मागून बापाचा आवाज आला, "बाळ, एकच घोट! मरतो गं मी!" तिचे काळीज फाटले, पण मान वळली नाही आणि तेलही सांडले नाही. पहिला रांजण फुटला. त्यात राजाच्या हातांचे स्थैर्य होते.

दुसरे काम: दरबारात जे सांगितले ते इथे पुन्हा सांगायचे आणि मग खरे सांगायचे. "महाराजांना ताप आहे," ती म्हणाली. मग ती ओरडलीच, "महाराज पितात! आणि ते मला ठाऊक होते!" दुसरा रांजण फुटला. त्यात माणसांची नावे होती, तिचेही होते.

तिसरे काम कालभुजाने हलक्या आवाजात सांगितले. "हे झाकण ज्या हाताने पाजले, त्याच हाताने उघडेल."

तिने उजवा हात पुढे केला. झाकण सहज उघडले. आत राजाचे यकृत होते, गाठी गाठींनी भरलेले, नदीतल्या गोट्यासारखे घट्ट. ती कितीतरी वेळ ते कुरवाळत बसली. टिटवी गुहेबाहेरून म्हणाली, "मुली, जे गेले त्यातले थोडे परत येते. सगळे येत नाही."

राजकन्या परतली तेव्हा राजा पलंगावर उठून बसला होता. हात स्थिर होते. त्याने तिच्याकडे पाहिले आणि कित्येक दिवसांनी तिच्याच नावाने हाक मारली, "कनकलेखे." मग पोटावर हात ठेवून विचारले, "हे बरे होईल?"

या वेळी ती खोटे बोलली नाही. "नाही, तात."

कुपीत आता एकच घोट उरला होता. राजाने रिवाजाप्रमाणे लेकीपुढे ओंजळ केली. वेदना मोठी होती. कनकलेखा जागची हलली नाही. ती आता पाजणार नाही, हे राजाला कळले. त्याने स्वतः कुपी उचलली आणि खिडकीबाहेर उपडी केली. खाली दूर्वा होत्या, त्या जळाल्या.

कुपी फुटली, कालभुजाची गुहा खचली, कुपीची जादू सरली. राजा आपल्या पूर्ण शुद्धीत, प्रत्येकाचे नाव घेऊन, कण्हत कण्हत गेला. वैद्य उशाशी होता. लेकीने त्याला स्वतः बोलावले होते.

कनकलेखा राणी झाली आणि तिने रीत बदलली. पाजायचे मायेच्याच माणसाने, पण आधी रोग्याला विचारायचे, "अजून दुखते का?" आणि वैद्य पुरे म्हणाला की पुरे. राज्य सुखी झाले. राणीने मात्र पुढे कोणालाही, देवाच्या मूर्तीलासुद्धा, उजव्या हाताने काही पाजले नाही.

कहाणी कडू आहे खरी. गोड असती, तर कुपीतून आली असती.