ठकूची गौर

मुलांनो, तेरड्याच्या पिकल्या शेंगेला कधी बोट लावून पाहिलंय का? नुसतं टेकवलं तरी ती तडकन फुटते आणि बी कुठल्या कुठे उडतं.

फार फार वर्षांपूर्वी पाथरकोंडातल्या बायका गौर आणायला ओढ्यापलीकडच्या रानात जात. गौर तेरड्याची, आणि ती मुळासकट उपटून आणायची. ओढ्याच्या अलीकडचा तेरडा असा उपटून उपटूनच संपला होता. भादव्यात ओढा भरून वाहायचा. एके वर्षी ठकूची धाकटी जाऊ गौर आणताना त्यात वाहून गेली. ती सापडलीच नाही.

पुढच्या ज्येष्ठात, ओढ्याला पाणी चढण्याआधी, ठकूने रानातली चार रोपं आणून परसात लावली. भादव्यात ती फुलली. सासू म्हणाली, "उपट आता. गौर आत घे."

"नको आत्याबाई. तिथेच राहू दे. बी धरू दे तिला."

"अगं, लोकांच्या गौरी पाटावर बसल्या, नि माझी उकिरड्याशेजारी?"

ठकूने परसातच हळदकुंकू वाहिलं, भाजीभाकरीचा नैवेद्य दाखवला. पुढे तिने परस झाडणंही सोडलं. "ठकीला खराटा जड झाला गं," अशी बायका कुचेष्टा करीत. ती नुसती हसायची. असं म्हणतात, त्या आश्विनात शेंगा अशा तडतडल्या, की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, आत कुणी लाह्या भाजतंय.

पुढच्या पावसात परस, पायवाट, न्हाणीची कड, जिकडेतिकडे तेरडाच तेरडा उगवला. ठकूने तो तण म्हणून कुणाला बेणू दिला नाही.

गौरीच्या दिवशी ओढा काठ सोडून धावत होता. नव्या सुना पदर खोचून काठावर उभ्या होत्या, पण पाय कुणाचा उचलत नव्हता. तेवढ्यात ठकूने हाक मारली, "बायांनो, मागे फिरा! गौर माझ्या दारात आलीय!"

सगळ्या तिकडे धावल्या. असं म्हणतात, एक रोप उपटावं तर त्याच्यामागे दुसरं डोलताना दिसे. अख्ख्या वाडीला पुरून परसात फुलं उरलीच. तीही घ्यायला एकजण वाकली, तशी सासू आडवी आली.

"हिला नाही हं हात लावायचा. ही ठकूची."

आजही पाथरकोंडात घरोघर परसात 'ठकूची' राखतात. ती कुणी उपटत नाही, आणि तिच्या शेंगा फुटून होईतो तिथे खराटा फिरत नाही.

आणि त्या वर्षी, दुसऱ्या दिवशी सकाळी, वाडीतल्या सगळ्या सुना एकमेकींच्या घरी हळदकुंकवाला गेल्या. एकही कमी नव्हती.