टोळांचा रविवार आणि तबामावशी

आमच्या आजोबांच्या आजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. जरा सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू येऊ द्या.

वाघदरा तेव्हा एवढंसं गाव होतं. वरच्या अंगाला मारुतीचं देऊळ, खालच्या अंगाला ओढा, आणि ओढ्याच्या काठी ख्रिस्ती वस्तीचं काळ्या दगडाचं बसकं देऊळ. वस्तीतल्या माणसांनी ते स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. आतली जमीन शेणानं सारवलेली, वर सागाचे वासे, आणि दारापाशी एक लांब दोराची घंटा.

त्या वस्तीत तबिथाबाई राहायची. एका पावसाळ्यात पटकीची साथ आली आणि तिचा नवरा आणि तिन्ही लेकरं घेऊन गेली. असं म्हणतात, त्या वर्षी तिचं हसू ओढ्याच्या पुरात वाहून गेलं. ती दिवसभर लोकांच्या शेतात खुरपायची आणि रविवारी देवळात सगळ्यांच्या मागे, दाराशी बसायची. कुणाशी बोलायची नाही. गाण्याच्या वेळी तिचे ओठही हलायचे नाहीत.

एका रविवारी भक्ती चालू असताना एक रांगतं पोर आईजवळून निसटलं. माणसांच्या पायांतून वाट काढत ते थेट दाराशी आलं, तबिथाबाईच्या मांडीवर चढलं आणि झोपून गेलं. त्याची आई घाईघाईनं न्यायला आली.

"राहू दे गं," तबिथाबाई म्हणाली. "पाय अवघडला की सांगते."

तिनं काही सांगितलं नाही. भक्ती संपली, माणसं पांगली, उन्हं कलली, तरी ती तशीच बसून. पोर जागं झालं आणि त्यानं तिचं नाक धरून ओढलं. तेव्हा तबिथाबाई हसली. ते हसू ऐकून पोराची आई दारात रडत उभी राहिली, असं म्हणतात.

पुढच्या रविवारी ते पोर आलं, त्याचा भाऊ आला, मग शेजारची दोघं आली. असं करत करत वस्तीतली सगळी लेकरं तिच्याभोवती गोळा व्हायला लागली. तिची ती तबामावशी झाली. असं म्हणतात, तिच्या मांडीवर वस्तीतली सगळी लेकरं एकाच वेळी मावायची. कशी मावायची ते विचारू नका. मावायची.

मग तबामावशीनं रविवारची शाळा सुरू केली. ती लेकरांच्या पायांतले काटे काढायची, डोक्याला तेल लावायची, गोष्टी सांगायची. नोहाच्या जहाजाची गोष्ट सांगताना ती म्हणायची, "वाघदऱ्यातला बैलही होता बरं त्या जहाजात," आणि पोरांना ते खरं वाटायचं. पण सगळ्यांत जास्त ती गाणी शिकवायची. आता तिचा गळा म्हणाल तर जात्यासारखा घरघरणारा. म्हणून तिनं तांब्याची घागर मांडीवर घेतली आणि बोटातल्या पितळी अंगठीनं ताल धरला. पोरांनी घरून थाळ्या आणल्या, परात आणली, झाकणं आणली. रविवारी जो गजर उठायचा तो मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू जायचा.

त्या लेकरांत करुणा नावाची एक मुलगी होती. ती देवळाचा कारभार बघणाऱ्या शामुवेल पंचांची नात. करुणा बोलायला लागली की शब्द तिच्या ओठांवर अडून बसायचे. पोरं चिडवायची, म्हणून ती बोलणंच टाळायची. आणि पंचांना लाज वाटायची, म्हणून चारचौघांत ते तिला बोलूच द्यायचे नाहीत. तबामावशीनं तिचा हात घागरीवर ठेवला. म्हणाली, "तोंड राहू दे. आधी हाताला गाणं शिकव." कित्येक रविवार करुणानं नुसता ताल धरला. मग एकदा, सगळे गात असताना, तिच्या ओठातून हळूच गाणं निघालं, आणि शब्द कुठंही अडला नाही. तबामावशीनं ते ऐकलं. पण तिनं बोभाटा केला नाही. नुसता घागरीवरचा ताल जरा जोरात धरला.

शामुवेल पंच कडक माणूस. मनानं वाईट नव्हते, पण देवळात चिमणी चिवचिवली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. एक दिवस ते म्हणाले, "तबिथाबाई, हे देवाचं घर आहे, बाजार नाही."

"पंच, बाजारात माणसं भांडतात. इथं लेकरं गातात. देवाला दोन्हीतला फरक कळत असेल."

"देवाला कळत असेल. मला प्रवचन ऐकू येत नाही."

तबामावशीनं घागर काखेला मारली, लेकरांना घेतलं आणि ओढ्याकाठच्या चिंचेखाली जाऊन बसली. रागावली नाही. लेकरांना म्हणाली, "इथं छप्पर नाही. आता आणखी मोठ्यानं गाता येईल." पण करुणाला वाईट वाटलं. आपल्याच आजोबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, हे तिच्या मनात सलत राहिलं.

त्या वर्षी जोंधळा असा आला होता की त्याच्या उंच ताटांत माणूस शिरलं तर दिसायचं नाही. कणसं भरली होती. आठ-पंधरा दिवसांत काढणी होणार होती. त्याआधीची दोन वर्षं कोरडी गेली होती, त्यामुळे गाव त्या जोंधळ्याकडे डोळे लावून बसलं होतं.

आणि एका रविवारी, मोठी माणसं देवळात असताना, चिंचेखालच्या पोरांना मावळतीकडे तांबूस ढग दिसला. ढग वाऱ्याच्या उलट चालला होता. तबामावशी ताडकन उठली आणि तिनं पोरांना घंटेकडे पिटाळलं. ती टोळधाड होती.

घंटा वाजली, माणसं बाहेर आली. टोळ शेताच्या कडेला उतरायला लागलेच होते. ज्यांनी पूर्वी टोळधाड पाहिली होती ती माणसं मटकन खाली बसली. टोळ बसले की उरतात ते बुडखे. शामुवेल पंचांनी टोपी काढली आणि प्रार्थना सुरू केली.

तबामावशी त्यांच्याजवळ गेली. म्हणाली, "पंच, प्रार्थना तुम्ही करा. आवाज आम्ही करतो."

मग ती लेकरांना घेऊन बांधावर धावली. एका बांधावर थाळ्या, दुसऱ्यावर पराती, तिसऱ्यावर झाकणं, आणि मधोमध घागर घेऊन तबामावशी. गाणं त्यांचं नेहमीचंच होतं:

"उठ रे पाखरा, दिस आला वर,
बापाच्या रानात उघडं रे घर."

असा गजर वाघदऱ्यानं कधी ऐकला नव्हता. टोळ उठले. वर गेले, गोल फिरले, पुन्हा खाली यायला लागले. मोठी माणसं भानावर आली, हातात मिळेल ते घेऊन धावली. वरच्या आळीतून हलगी आली, मारुतीच्या देवळातला ढोल आला. पण जो तो आपल्या मनानं बडवायला लागला. ताल मोडला, गाणं फुटलं, आणि दमलेले हात एकेक करून थांबायला लागले. तबामावशी ओरडून ओरडून गात होती. तिचा घरघरणारा गळा शेवटी बसलाच. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. टोळ पुन्हा कणसांवर बसायला लागले.

तेव्हा करुणानं तबामावशीच्या हातातली घागर घेतली. डोक्यावरून वाहणाऱ्या त्या सगळ्या गोंधळाच्या वर तिनं सूर लावला. स्वच्छ, उंच, कुठंही न अडखळता. एका बांधावरच्या पोरांनी तो सूर धरला, मग दुसऱ्या बांधावरच्यांनी, मग हलगीनं ताल पकडला, मग ढोलानं. सगळं रान एका गळ्यानं गायला लागलं. असं म्हणतात, त्या सुरानं जोंधळ्याची ताटं वाऱ्यावाचून डोलायला लागली आणि टोळांना बसायला जागा मिळेना.

आणि तेवढ्यात डोंगरापलीकडून भोरड्या आल्या. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ती पाखरं. एरवी ती जोंधळा खातात म्हणून शेतकरी गोफणीनं हाकलतात. पण त्या दिवशी त्या इतक्या आल्या की आभाळ गुलाबी झालं, आणि एकीनंही कणसाला चोच लावली नाही. त्या टोळांवर तुटून पडल्या. देवळात प्रवचन करणारे पाळकसाहेब जन्मभर सांगत राहिले, ते देवदूत होते. वरच्या आळीचे म्हणत राहिले, ती मारुतीरायाची कृपा. तबामावशीला विचारलं तर ती म्हणायची, "पाखरंच होती. गाणं पाखरांचंच होतं ना."

दिवस कलायच्या आत आभाळ मोकळं झालं. जोंधळा उभा होता.

शामुवेल पंचांना मात्र जोंधळा दिसतच नव्हता. ते बांधावर बसले होते आणि नातीकडे बघत होते.

"करुणा," ते म्हणाले, "परत म्हण बरं."

करुणा त्यांच्याशेजारी बसली. "आ-आजोबा, ए-एकटी नाही म्हणणार. तु-तुम्हीपण म्हणा."

पंचांना गाणं येत नव्हतं. मग तिनं शिकवलं. ती ओळ म्हणायची, ते मागून म्हणायचे, चुकायचे, परत म्हणायचे. भोवती पोरं जमली आणि आजोबा चुकले की हसायला लागली, आणि पंचही हसायला लागले. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः देवळाच्या अगदी पुढे, व्यासपीठाला लागून, लेकरांसाठी सतरंजी अंथरली.

त्यानंतर तबामावशी पुष्कळ वर्षं जगली. तिनं शिकवलेल्या पोरांच्या पोरांना तिनं शिकवलं. ती गेली तेव्हा खांदा द्यायला इतकी माणसं आली की तिला घरापासून कबरस्तानापर्यंत हातोहात नेलं, कुणाला पाऊल उचलावं लागलं नाही, असं म्हणतात.

आजही वाघदऱ्यात जोंधळ्याची काढणी होते तेव्हा प्रत्येक शेतात एक तास, म्हणजे ताटांची एक ओळ, तसाच उभा ठेवतात. विळा लावत नाहीत. शेत ख्रिस्ती माणसाचं असो की वरच्या आळीतल्या कुणाचं. ती कणसं भोरड्यांची. त्याला तबामावशीचा तास म्हणतात. काढणीनंतरच्या रविवारी देवळातली सगळी लेकरं त्या ताटांच्या सावलीत बसतात, त्यांच्याबरोबर गावातलीही बसतात, आणि तिथंच शाळा भरते. डोक्यावर पाखरं कणसं टिपत असतात, खाली पोरं गात असतात.

गावात नवीन आलेलं माणूस विचारतं, हा तास शेतातला की शाळेतला? गावातलं शेंबडं पोरही सांगतं, "त्या दिवशी दोन्ही एकच."