आधी गरा, मग नाव

कुसगेवाडीत पाहुणा उतरला की आधी त्याच्या हातावर फळ ठेवतात. ते खाऊन होईपर्यंत नाव विचारत नाहीत. मुक्कामाला येणाऱ्या शहरी मंडळींना याचं नवल वाटतं. मग बागवाले म्हातारे बाबी राऊळ त्यांना वेशीवरच्या फणसाखाली बसवतात आणि सांगतात.

फार पूर्वी ही बाग द्वारका नावाच्या विधवेची होती. तिची एकुलती लेक सुंदरा घाटावर दिलेली. चार वर्षांत माहेरी आली नव्हती. त्या साली घाटावर देवीची साथ आली. परका माणूस वेशीच्या आत घ्यायचा नाही, अशी गावानं देवळात शपथ घेतली. द्वारकेची बाग वेशीला लागून, म्हणून राखण तिच्याकडे आली.

चैत्रातल्या एका दुपारी ती फणस फोडत होती. बागेभोवतीच्या दगडी गडग्यापलीकडे एक बाई येऊन टेकली. तोंडाभोवती पदर गुंडाळलेला. तिनं हात पुढे केला.

"आये, एक गरो..." आवाज पार बसलेला.

इकडे कुठल्याही म्हाताऱ्या बाईला आयेच म्हणतात.

"कोणाची गो तू? नाव सांग तुजा, मगे देतंय."

बाईचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. द्वारका हातात गरा घेऊन दोन पावलं पुढे गेली, असं सांगतात. पण तिला गावातली पोरंबाळं आठवली, शपथ आठवली. गरा परत पानावर ठेवून तिनं पाठ फिरवली.

उन्हं कलताना तिनं पाहिलं, तर बाई गडग्याला टेकल्या जागीच मरून गेलेली होती. पदर सरकला होता. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण होतं. द्वारकेनंच जत्रेत गोंदवून घेतलेलं.

गाव लांब उभं राहिलं. एकटीनं तिनं लेकीला माती दिली. मग हातांनी गडगा उपसून काढला. पुढची तीस वर्षं येईल त्याला ती फळ देत राहिली, कुणाचं नाव न विचारता. मरताना गावाकडून तिनं तेच वचन घेतलं म्हणे.

आजही त्या बाजूला कुंपण घालत नाहीत. गुरं शिरतात, वानरं नासधूस करतात, तरी नाही. झाडांवर विषारी फवारा मारत नाहीत. कुणीही वाटसरू हात लावील, तोंडात घालील. आणि हंगामातला पहिला फणस फोडताना घरातली थोरली बाई वेशीकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारते, "सुंदरा, ये गो."