आखाचं तेल

फार पूर्वी, मडक्यांना आपलं तेल आपल्या मर्जीनं वाटता येई त्या काळात, एका बैलगाडीच्या मागे तेलाचं मडकं टांगलेलं असे. तेल होतं ते चाकं ज्याच्यावर फिरतात त्या आखासाठी. पण मडक्याची नजर गाडीतल्या गादीवर होती. बैलानं गाडीवानाकडे शब्द टाकला तर तिथं आपली सोय होईल, असं त्याला वाटे.

म्हणून ते रोज बैलाच्या शिंगांना तेल चोळी. "हौशाराव, अशी शिंगं पंचक्रोशीत नाहीत."

"असतील कशी?" असं म्हणून बैल मान आणखी वाकवून देई.

खालून आख कुरकुरला, "मडकेदादा, थोडं इकडंही. उद्या घाट आहे."

"तुझ्याकडे बघतंय कोण? आणि ही कुरकुर बरी नव्हे. शिंगं कधी कुरकुरली का?"

"शिंगांवर ओझं नसतं, दादा."

हे मडक्याला उद्धटपणाचं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं आखाला थेंबही न देता शिंगांनाच तेल चोळलं.

घाटाच्या मध्यावर कोरडा आख तापून मोडला. गाडी कलंडली, मडकं दगडावर आपटून फुटलं. जू सुटताच बैल बाजूच्या गवतात शिरला.

"हौशाराव, माझं काही बघा," मडकं म्हणालं.

"बघतो, बघतो," बैल चरता चरता म्हणाला. मान मात्र त्यानं वळवली नाही. शिंगं उन्हात सुरेख चमकत होती.

मडक्यातलं उरलंसुरलं तेल ओघळत मोडक्या आखावर गेलं.

"राहू द्या, दादा," आख म्हणाला. "आता माझी काही कुरकुर नाही."