निरोपाचा पाना

ज्यांनी सगळ्यात जास्त माया केली, त्यांनीच त्या गाड्या दरीत लोटल्या. हा आरोप आहे, आणि तो मागे घ्यायचा माझा विचार नाही. कुणावर आहे ते विचारू नका. गोष्ट ऐका, आणि ऐकताना आपला हात कशावर आवळलेला आहे तेवढं बघा.

फार मागे, जेव्हा मीठ डोंगराच्या पलीकडेच मिळायचं, तेव्हा घाटाच्या पायथ्याशी गाडीवानांचं एक गाव होतं. गावातली माणसं बैलगाड्या घेऊन घाट चढत, पलीकडे समुद्राकाठी उतरत आणि मीठ भरून परत येत. गेलेला माणूस परत यायला फार दिवस लागत. काही जण येतच नसत. त्यामुळे त्या गावात वाट पाहणं हे शेती किंवा सुतारकीसारखंच एक काम होतं, आणि ते घरोघरी चाले.

त्या गाड्यांची चाकं जरा वेगळी होती. आसाच्या टोकाला लोखंडी थाळी असे आणि थाळीतून जाड बोल्ट बाहेर आलेले असत. त्यांवर चाक चढवायचं आणि वरून नट आवळायचे. त्यांना तिथं काय म्हणत ते राहू द्या, आपण नट-बोल्टच म्हणू. नट आवळायचा पाना गावाचा, सगळ्यांचा मिळून एकच. तो वेशीवरच्या देवळात ठेवलेला असे.

गाडी निघायच्या दिवशी सगळे वेशीवर जमत. जाणाऱ्यावर ज्याची माया असेल, त्याने पाना धरून प्रत्येक नटाला एक हिसका द्यायचा, अशी रीत होती. आईने द्यायचा, बायकोने द्यायचा, काकूने, मित्राने, शेजाऱ्याने. ज्याच्या चाकाला जास्त हात लागले, तो भाग्यवान. ज्याचं फारसं कुणी नसे त्याला मुलं चिडवत, ‘तुझ्या नटाला कोण हात लावणार, तुझी म्हैस?’

आणखी एक नियम होता. एकदा हे हात लागले की वाटेत त्या नटांना कुणी शिवायचं नाही. आईचा हात पुसला जातो म्हणे. म्हणून पाना गावातच राही आणि माणूस एकटा जाई.

तरी चाकं निखळत. गाडी घाटात कोसळल्याची बातमी आली की गाव गप्प होई आणि मग ठरवी, आपण कमी पडलो, आणखी जोराने ओढायला हवं होतं. म्हणून पान्याचा दांडा लांब केला गेला. पुढच्या पिढीने तो आणखी लांब केला. शेवटी तो इतका लांब झाला की त्याला चार-चार जण लोंबकळत. गाड्या पूर्वीपेक्षा जास्तच कोसळू लागल्या, आणि गाव पूर्वीपेक्षा जास्तच ओढू लागलं.

या गावात सगुणा नावाची बाई होती. तिचा नवरा गाडीवान होता. तो शेवटचा निघाला तेव्हा त्यांची मुलगी राही तान्ही होती, सगुणाच्या कडेवर. सगुणाने एका हाताने पोर सांभाळली आणि दुसऱ्या हाताने सगळ्यांबरोबर पाना ओढला. नवरा परत आला नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण पाणवठ्यावर बोलणं व्हायचंच. ‘हिचा हात हलका पडला.’ सगुणानेही ते खरं मानलं. रिकामी असली की ती आपल्या त्या हाताकडे बघत बसायची.

राही मोठी झाली आणि एक दिवस म्हणाली, “आई, मी गाडी घेऊन जाणार.”

“मीठ विकत मिळतं,” सगुणा म्हणाली.

“मीठ मिळतं. पण बाबा ज्या वाटेने गेले, ती वाट मिळत नाही.”

सगुणाने भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. मग एक दिवस ती गुपचूप उठून गाडीला बोल्ट बघायला लोहाराकडे गेली. तिला मुलगी कळत होती.

त्या उन्हाळ्यात दरीतली नदी पार आटली होती आणि तळाशी पडलेलं जुनं लोखंड लोकांनी वर आणून लोहाराच्या अंगणात टाकलं होतं. त्यात एक थाळी होती. तिच्या कडेवर मोराचं चित्र कोरलेलं होतं. असं कोरण्याची हौस गावात एकालाच होती. सगुणा खाली बसली. तिने पदराने थाळी पुसली. बोल्ट थाळीच्या अंगालाच तुटलेले होते. त्यांची टोकं शेजारी पडलेल्या चाकाच्या मोडक्या तुंब्यात, मधल्या ओंडक्यात, अडकून राहिली होती, आणि त्या टोकांवर नट होते. तिने एक नट फिरवून पाहिला. तो तसूभरही हलेना.

“लोहारदादा,” ती म्हणाली, “हा नट सुटलेला नाही.”

“नाही.”

“मग चाक कसं गेलं?”

लोहाराने भाता थांबवला. “बोल्ट तुटला, वहिनी. बघा, मानेशी कसा बारीक झालाय. लोखंडसुद्धा ताणलं जातं. थोडं ताणलं तर ते चाकाला धरून ठेवतं. त्यापुढे ताणलं की त्यातला जीव जातो. वरून घट्टच दिसतं.”

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“लोखंड रोज हातात असतं. माहीत कसं नसेल?”

“मग बोलला का नाहीत?”

लोहाराने विस्तवातला कोळसा सारला. “एकदा बोललो होतो. एक आई पाना ओढत होती, तिला म्हटलं, आता पुरे. ती म्हणाली, तुझा मुलगा चालला असता तर पुरे म्हणाला असतास का? त्या घराने पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकलं नाही. मग मी पुरे म्हणायचं सोडून दिलं.”

आता सांगा, आरोप एकट्या ओढणाऱ्यांवर कसा ठेवू? ज्याला कळत होतं तो गावाचं मन राखत राहिला, आणि गावाची पोरं दरीत जात राहिली.

सगुणा रडली नाही. ती म्हणाली, “मला शिकवा.”

लोहाराने एक जुनं चाक थाळीवर चढवलं आणि तिच्या हातात आपला कामाचा आखूड पाना दिला. त्याने सांगितलं, एक नट आवळला की शेजारचा नाही, समोरचा घ्यायचा, म्हणजे चाक सरळ बसतं. ती आवळत गेली. आधी नट बोटांनी फिरला. मग चाक टेकलं. मग पाना जड होत गेला आणि एका जागी त्याने हाताला उत्तर दिल्यासारखं झालं.

“इथं थांबायचं,” लोहार म्हणाला.

“हे तर सैल वाटतं.”

“सैल नाही. तुम्हाला अजून ओढायचंय, म्हणून तसं वाटतं.”

तिने ऐकलं नाही, आणखी ओढलं. पाना थोडा फिरला, आणखी जड झाला, आणि मग अचानक हलका पडला. लोण्यात फिरावा तसा.

“वेशीवर सगळ्यांना इथं आनंद होतो,” लोहार म्हणाला. “वाटतं, बसला. हा बोल्ट आता मेला.”

त्या दिवशी सगुणाने लोहाराचे बरेच जुने बोल्ट मारले. थांबायची जागा हाताला कळेपर्यंत ती उठली नाही. निघताना लोहार म्हणाला, “अजून एक आहे. थोडी वाट चालली की चाक दबतं, आपली जागा धरतं. तेव्हा नट पुन्हा एकदा बघावे लागतात. ते इथून कुणालाच करता येत नाही. जो गेला, त्यानेच करायचं.”

सगळ्यात अवघड तिला हेच वाटलं.

निघायच्या दिवशी वेशीवर दोन गाड्या होत्या. एक राहीची. दुसरी गोंदाची. गोंदा बयाआजीचा नातू, सगळ्या गावाचा लाडका. त्याच्या चाकांना अख्खी आळी लोंबकळली. बयाआजी वाकलेली, पण तिनेही दांड्याच्या टोकाला आपला सगळा भार दिला. गोंदा हसत म्हणाला, “आजी, चाक माझ्यापेक्षा तुझ्यावरच खूश आहे.”

मग राहीच्या गाडीची पाळी आली. बायका पाना घेऊन पुढे झाल्या. सगुणा आडवी आली.

“हिच्या चाकाला मी एकटीच हात लावणार. या पान्याने.” तिने पदराखालून लोहाराचा आखूड पाना काढला.

बयाआजीने नाक मुरडलं. “नवऱ्याच्या वेळी एक हात होता. लेकीच्या वेळी अर्धाच.”

सगुणा चाकाशी बसली. तिने एक नट आवळला, मग समोरचा, मग त्याच्या बाजूचा. प्रत्येक वेळी पान्याने उत्तर दिलं आणि ती थांबली. शेवटच्या नटावर पाना थांबला, तरी तिने तो सोडला नाही. राही जवळ येऊन उभी राहिली.

“आई, तुला अजून ओढायचंय ना?”

“हो.”

“मग ओढ.”

“नको.” तिने पाना राहीच्या हातात ठेवला. “पहिल्या वळणावर बैलांना पाणी पाजशील, तिथं एकदा बघ. फार नको. तुझ्या हाताला कळेल.”

लोक कुजबुजले. पाना गावाबाहेर चालला होता, आईचा हात वाटेत पुसला जाणार होता. गाड्या निघाल्या. धूळ खाली बसली तरी सगुणा तिथंच उभी होती, आणि तिची मूठ नसलेल्या पान्यावर मिटलेली होती.

मग वाट पाहणं सुरू झालं. पूर्वी वाट पाहताना तिला निदान एवढं म्हणता यायचं, की आपल्या हाताने होईल तेवढं केलं. आता तर होण्यासारखं असून तिने केलं नव्हतं. भाकरीचं पीठ मळताना ती मळतच राहायची आणि मग स्वतःलाच पुरे म्हणायची. घाटाकडून वारा आला की तिला घुंगरं ऐकू यायची. बाहेर येऊन बघावं तर शेजाऱ्याची शेळी. लोक तिच्याशी बोलत, पण जपून, जसं सुतक असलेल्या घराशी बोलतात.

आणि एका सकाळी खरीच घुंगरं वाजली.

घाटातून एकच गाडी उतरत होती. राही हाकत होती. मागे मिठाच्या गोण्यांवर, पाय फडक्याने बांधलेला, गोंदा बसला होता. गाडीमागे त्याचे बैल चालत होते.

गोंदाने स्वतःच सांगितलं. “पलीकडच्या उतारावर बोल्ट तुटायला लागले. चणे फुटावेत तसे, एकामागून एक. हिने दोर कापले म्हणून बैल वाचले. गाडी गेली.” मग खाली बघत म्हणाला, “आजी, नट एकही सुटला नव्हता.”

बयाआजी काठी टेकत पुढे आली. ती त्याच्या पायाशी बसली आणि फार वेळ तशीच बसून राहिली.

सगुणा लेकीच्या गाडीपाशी गेली. तिने चाकाला हात लावला. नट घट्ट होते, पण ते आता तिच्या हातचे नव्हते. वाटेत प्रत्येक मुक्कामाला राहीने ते पाहिले होते. सगुणाला जरासं लागलं. आणि मग बरं वाटलं.

त्या वर्षी गावाने तो लांब दांडा कापला. त्याच्या तुकड्यांचे आखूड पाने झाले, प्रत्येक गाडीला एक. आता निरोपाला एकच जण नट आवळतो, बाकीचे उभे राहतात, आणि पाना जाणाऱ्याच्या हातात दिला जातो. लोहार वेशीवर उभा राहून स्पष्ट म्हणतो, आता पुरे. गाड्या परत येतात. वाट पाहणं मात्र कमी झालं नाही. राही दरवर्षी जाते आणि सगुणा दरवर्षी वेशीवर उभी राहते.

तात्पर्य: जे जपायचं ते पुरेसं आवळावं, पण जरुरीपेक्षा तसूभरही जास्त नाही, आणि मग पाना जाणाऱ्याच्या हाती द्यावा.

गोंदाचा पाय बरा झाला आणि तो पुन्हा निघाला, तेव्हा नट आवळायचा मान बयाआजीला मिळाला. तिने ते बरोबर आवळले, लोहाराने पुरे म्हणताच थांबली, आणि पाना नातवाच्या हातात दिला. गाडी वळणाआड गेल्यावर ती सगुणाकडे वळून म्हणाली, “कळलं गं बाई सगळं. पण उरलेली माया घेऊन आता मी घरी कशी जाऊ?”