कढीच्या हंड्यातली पावले

बोरसावळीच्या मठात तेव्हा सोमगीर महाराज राहत असत. मठ तो केवढा! नदीच्या वळणावर गोपाळकृष्णाचे लहानसे देऊळ, मागे स्वयंपाकघर आणि पुढे एक जुनी चिंच. ते दिवस पाहिलेली माणसे आता राहिली नाहीत. त्यांनी सांगितले तसे, जमेल तितके नीट सांगायचे, एवढेच आपल्या हाती.

त्या चिंचेखाली भिकोबा तांबटाची भट्टी असे. आज घराघरांत स्टीलची भांडी आली. आताच्या मुलांना ती भट्टी कशी कळावी? भाता सुस्कारे टाकायचा, निखारे फुलायचे, तापल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठून त्याचा झोंबरा वास आळीभर पसरायचा. मग भिकोबा कथलाची कांडी टेकवी, कापसाच्या बोळ्याने एक फेर घेई, आणि काळवंडलेले पातेले आतून चांदण्यासारखे उजळे. आपले भांडे उचलताना बायका आधी आत डोकावून स्वतःचा चेहरा पाहत आणि मगच डोक्यावर घेत.

पितळेला कल्हई नसली की आंबट पदार्थ त्यात कळकतो, हिरवा पडतो आणि खाणाऱ्याच्या पोटात विष होतो. म्हणून गोकुळाष्टमीच्या पारण्याआधी मठाचा कढीचा हंडा भिकोबाकडे येई. भिकोबाच्या वडिलांपासून चालत आलेली ही सेवा. हंडा एवढा मोठा, की वरून हात तळाला पोचत नसे. भिकोबा पाय धुऊन आत उतरे. तळाशी वाळू आणि राख, पायाखाली पोत्याचा तुकडा, दोन्ही हात काठावर; आणि कंबर गोल फिरवत तो तळ घासत राही. प्रत्येक फेरीला तोंडाने एकच, "गोपाळा, गोपाळा."

एकदा त्याने महाराजांपाशी खंत बोलून दाखवली होती. "महाराज, काकड्याला मी भट्टी पेटवत असतो. भजनाला बसलो तर डोळे मिटतात. मला देवाचं काहीच येत नाही."

महाराज हसले. म्हणाले, "अरे, आम्हीसुद्धा कल्हईवालेच. फक्त आमची भांडी उलट बोलतात! तू तुझा हंडा घास. ज्याचा आहे तो बघतोय."

मठाचा कारभार दाजीबा कारभारी पाहत. माणूस वाईट नव्हता, पण सोवळ्याचा अभिमान फार. त्या वर्षी महाराज नदीपलीकडच्या गावी गेले होते, पारण्याला परतायचे होते. अष्टमीच्या सकाळी भिकोबा हंडा न्यायला आला, तेव्हा दाजीबांची नजर त्याच्या काळ्या, भेगाळलेल्या पायांवर गेली.

"हे पाय देवाच्या भांड्यात घालतोस तू?"

"धुऊन घालतो, कारभारी."

"धुऊन! तुझे पाय धुवायला नदी पुरायची नाही. कधी आरतीला उभा नाहीस, कधी एकादशी नाही, आणि नैवेद्याचा हंडा तुडवतोस? यंदा हंडा पंचगव्याने शुद्ध होईल. मंत्र म्हणायला मी समर्थ आहे."

ओसरीवरची मंडळी हसली. भिकोबा चाचरत म्हणाला, "कारभारी, माझं राहू द्या. पण कढी आंबट असते. गाव जेवणार आहे. कळकेल ती."

"मंत्रापुढे कळक टिकतो होय रे? नीघ!"

दाजीबांनी मंत्र म्हणत हंड्यात पंचगव्य शिंपडले, तो स्वयंपाकघरात ठेववला, दाराला कुलूप घातले आणि किल्ली कमरेला खोचली.

भिकोबा चिंचेखाली येऊन बसला. दुसऱ्याची भांडी समोर होती, पण हात उचलेना. दरवर्षी याच दुपारी तो हंड्यात उभा असे. बसवेना, तेव्हा तो उठला. पाय धुतले, पोत्याचा तुकडा मातीवर टाकला, चिंचेच्या खोडाला धरले आणि डोळे मिटून कंबर फिरवू लागला. "गोपाळा, गोपाळा..." ऊन कलले तरी पाय थांबेनात.

बायको सगुणा भाकरी घेऊन आली आणि बघतच राहिली. "अहो, जमिनीला कल्हई करताय का?"

भिकोबा ओशाळला, पण फेरा पुरा करूनच थांबला.

दुसऱ्या दिवशी, पारण्याच्या पहाटे, दाजीबांनी कुलूप काढले आणि आचाऱ्याने अंधारातच हंडा चुलवणावर चढवला. दुपारी पंगती बसल्या. महाराजही येऊन पोचले. भात वाढला गेला, कढीचे वाढपी निघाले. तोच भिकोबा धावत अंगणात शिरला.

"कढी खाऊ नका! कोणी तोंडाला लावू नका! हंड्याला कल्हई नाही!"

पंगतीतले हात थांबले. दाजीबा लालबुंद झाले. "सणाच्या दिवशी अपशकुन? बाहेर काढा याला!"

महाराज शांतपणे म्हणाले, "आधी मला वाढा."

भिकोबाने त्यांचा हातच धरला. "महाराज, पाया पडतो, नको!"

"भिकोबा, सोड," महाराज म्हणाले, आणि त्यांनी द्रोण ओठांना लावून रिकामा केला. सारे अंगण पाहत होते. महाराजांनी मिशी पुसली. "गोड आहे. वाढा सगळ्यांना."

मग काय विचारता! "भिकोबा, कथील विकायला आला होतास का रे?" पंगतीतून कोणीतरी ओरडले. दाजीबांची मान ताठ झाली. भिकोबा मात्र हात जोडून उभा होता. गाव सुखरूप आहे, एवढेच त्याला पुरे होते. डोळ्यांत पाणी आले ते वेगळेच. आपले पाय आता देवाच्या कामी लागणार नाहीत, हे त्याला कळले होते.

जेवणे आटोपली. महाराज म्हणाले, "हंडा धुऊन उन्हात आणा."

स्वयंपाकघराच्या अंधारातच हंडा धुऊन चौघांनी तो वासे घालून अंगणात आणला. श्रावणातले ऊन नेमके तेव्हाच ढगाआडून निघाले आणि हंड्यात पडले. पाहणाऱ्यांचे डोळे दिपले. काय ती कल्हई! काठापासून तळापर्यंत हंडा चांदीसारखा लखलखत होता. आणि तळाच्या मधोमध दोन पावले उमटली होती. लहान, गुबगुबीत, रांगता रांगता नुकत्याच उभ्या राहिलेल्या बाळाची असावीत तशी.

दाजीबांचा हात आपोआप कमरेच्या किल्लीकडे गेला.

महाराजांनी विचारले, "भिकोबा, काल दुपारी काय करत होतास?"

भिकोबा ओशाळून आपल्या पायांकडे पाहू लागला. बायकांच्या घोळक्यातून सगुणाच पदर सावरत म्हणाली, "जमिनीला कल्हई करत होते, महाराज!"

कोणी हसले नाही.

"कारभारी," महाराज म्हणाले, "तुम्ही याचे पाय अडवलेत. काम अडून राहायचं नव्हतं, म्हणून तो स्वतः उतरला."

दाजीबा हंड्यापाशी आले. पावलांना हात लावायला वाकले, पण हात तळाला पोचेना. त्यांनी महाराजांकडे पाहिले.

"आत उतरावं लागतं, कारभारी," महाराज हळूच म्हणाले. "त्याला दुसरा उपाय नाही."

दाजीबांनी खाली आपल्या पायांकडे पाहिले. चंदनाच्या खडावांतले, जन्मभर सोवळ्यात जपलेले पाय. त्यांनी खडावा काढल्या, पाय धुतले, पुन्हा धुतले, तरी ते काठाशीच घोटाळले.

"भिकोबा," दाजीबा म्हणाले, "दादा, हात दे रे मला. पाय कुठे ठेवायचा, ते तूच सांग."

भिकोबाने आपला काजळीने माखलेला हात पुढे केला. "कडेकडेनं, कारभारी. मधे तो उभा आहे."

तो काळा हात घट्ट धरून दाजीबा हंड्यात उतरले. अंग चोरून गुडघे टेकले आणि त्या इवल्या पावलांवर त्यांनी डोके ठेवले. बाहेरच्यांना त्यांची पाठ तेवढी हलताना दिसत होती, आणि हंड्यातून, घुमून घुमून, एकच शब्द वर येत होता, "गोपाळा, गोपाळा."